खाऱ्या शहराचे नियम

४ फेब्रुवारी, मंगळवार

शेवटचं खोकं जिन्याच्या वळणावर अडकलं. दादा खालून ढकलत होता, मी वरून ओढत होते आणि दोघंही एकमेकांना "थांब" म्हणत होतो. पुठ्ठा फाटला. 'खारं शहर'च्या प्रती पायऱ्यांवरून खाली घसरत गेल्या.

"उचल," दादा म्हणाला. "आपलीच आहेत."

"अजून तरी," मी म्हणाले.

दुकानदारांनी सगळी पुस्तकं परत पाठवली. एकानेही फोन केला नाही.

झालं ते नीट लिहून ठेवते, उद्या कोणी वेगळं सांगायला नको. आमचे खेळ कागद, पेन्सिल आणि फाशांचे. टेबलाभोवती पाच-सहा माणसं बसतात. एक जण गोष्ट सांगतो, तो मास्तर. बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत वागतात. जमलं की फसलं, ते फासे ठरवतात. या खेळाचे मूळ नियम कंपनीचे. आम्ही शाळेत होतो तेव्हा कंपनीनेच ते खुल्या परवान्याने सोडले होते. कोणीही वापरा, त्यावर स्वतःचं रचा, छापा, विका. परवाना कायमचा. त्या भरवशावर मी आणि दादाने खारं शहर उभं केलं. समुद्राने गिळलेलं, फक्त ओहोटीला वर येणारं शहर. शब्द माझे, नकाशे त्याचे.

आता कंपनी म्हणते, परवाना रद्द. पुढे छापायचं असेल तर नव्या करारावर सही करा. करारात एक कलम आहे. तुम्ही जे रचलं ते कंपनी वापरू शकेल, बदलू शकेल, तुम्हाला न विचारता. म्हणजे शहर त्यांचं. मुदत आठ मार्च.

मी दादाला विचारलं, "तू सही नाही ना करणार?"

"वेडी आहेस का?"

पण हे तो खोक्याकडे बघून म्हणाला.

६ फेब्रुवारी

वकीलबाईंकडे गेलो. वहिनीही आली. तिने रजा घेतली होती. आमच्या फाशांसाठी तिने आजवर रजा घेतल्याचं मला आठवत नाही.

वकीलबाई म्हणाल्या, "त्यांचा मुद्दा असा, की परवाना कायमचा म्हटला होता. मागे घेता येणार नाही, असं कुठे म्हटलं होतं?"

"मग कायमचा म्हणजे काय?" दादाने विचारलं.

"लग्नही कायमचंच असतं. माझं निम्मं ऑफिस त्यावर चालतं."

वहिनी हसली. दादाही हसला.

मग बाईंनी तोडगा सांगितला. परवाना मागे घेता येतो की नाही, यावर कोर्टात वर्षं जातील. पण खेळ खेळायची रीत कोणाच्या मालकीची नसते, मालकी शब्दांवर असते. तेव्हा रीत तीच ठेवायची आणि नियम नव्या शब्दांत लिहायचे. परवान्याची गरजच उरणार नाही.

"मी पंधरा दिवसांत लिहून देते," मी म्हणाले.

"तुम्ही सोडून कोणीही."

कारण मी कंपनीची पुस्तकं वाचत वाढले. दादाही. लिहिणारं माणूस असं हवं, ज्याने त्यातलं पानही वाचलेलं नाही. मी बाईंना तोंडी सांगायचं, टेबलावर काय काय घडतं ते. बाई त्यातून नुसते मुद्दे काढून त्या माणसाला देणार. ते माणूस लिहिणार. मी मसुदा बघायचा नाही, त्याबद्दल विचारायचं नाही. शेवटी तसं प्रतिज्ञापत्र द्यायचं. "यात एक ओळ जरी त्यांची सापडली तर कोर्ट लगेच मनाई देईल," बाई म्हणाल्या. "मग आपल्याकडे काही नाही."

"असं माणूस आणायचं कुठून?" मी विचारलं.

दादाने वहिनीकडे बघितलं. मग वहिनी म्हणाली, "वन्सं, चालेल ना तुम्हाला?"

म्हणजे ठरवूनच आले होते.

वहिनी औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवतात ती माहितीपत्रकं लिहिते. जेवणानंतर घ्यावे. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. माझं शहर आता तिच्या हाती.

चालेल म्हणाले. काय म्हणणार?

९ फेब्रुवारी

सकाळभर वकीलबाईंना सांगत होते. ओहोटी लागते, पहिल्यांदा देवळाचं शिखर दिसतं, मग...

"ते वर्णन झालं. घडतं काय?"

"पात्रं पाण्यात उतरतात."

त्यांनी लिहिलं, पात्रे उतरतात.

दिव्याच्या नियमाशी मी जरा थांबले. खाऱ्या शहराची सगळी ओळख त्या नियमावर आहे. तळघरात दिवा विझतो, आणि फासा टाकण्याआधी खेळाडूला आपल्या पात्राची भीती मोठ्याने सांगावी लागते. लोकांनी त्या टेबलावर काय काय सांगितलंय. एकदा एक आडदांड गडी सांगता सांगता उठून बाहेर गेला होता.

"म्हणजे अंधारात आधी भीती, मग फासा," बाई म्हणाल्या. एका ओळीत मावलं.

निघताना त्यांच्या वहीकडे नजर गेली. वाण्याची यादी वाटावी.

१३ फेब्रुवारी

दादाकडे गेले. बेल वाजवली तरी दार लगेच उघडलं नाही. आत कागद गोळा केल्याचा आवाज. उघडल्यावर टेबल मोकळं, नको इतकं पुसलेलं. कपबशा तीन. घरात माणसं दोन.

"वकीलबाई येऊन गेल्या," दादा म्हणाला.

"मला नाही बोलावलं."

"तुला कसं बोलावणार? तूच ऐकलंस ना त्या दिवशी."

ऐकलं होतं. पण ऐकलेलं कारण आणि खरं कारण एकच असतं असं नाही. नियम लिहायला बाईंनी घरी कशाला यायचं? दादाने माझ्यासमोर मोबाइल उलटा ठेवला.

वहिनी चहा घेऊन आली. बोटांना शाई. माझ्याकडे बघून काहीतरी विचारणार होती. ओठ हलले सुद्धा. मग म्हणाली, "साखर कमी तर नाही ना?"

कुठेतरी पाणी मुरतंय.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज दादाकडे चाचणी होती. नवे नियम नव्या माणसांच्या हातात देऊन खेळायला बसवायचं आणि रचणाऱ्याने तिथे थांबायचं नाही, ही आमच्या कामातली जुनी रीत. मीच दादाला शिकवली होती. रचणारा समोर असला की लोक नियम वाचत नाहीत, त्याचं तोंड वाचतात.

तरी गेले. वर नाही, समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. खिडकी उघडी होती. हसण्याचा आवाज आला. त्यात एक हसू दाताच्या डॉक्टरचं. तो आमच्या टेबलावर नेहमी राक्षस होतो, म्हणून त्याला सगळे राक्षसच म्हणतात. म्हणजे नवी माणसं वगैरे काही नाही. माझीच माणसं.

माझ्या खुर्चीत कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. बाई होती. हात वर करून सांगत होती, आणि सगळे गप्प ऐकत होते. वहिनी असावी. वहिनीला एवढ्या लोकांना गप्प करता येतं हे मला माहीत नव्हतं.

दादा खिडकीशी आला. पडदा ओढला.

मला बघितलं असणारच.

१७ फेब्रुवारी

राक्षसाला दवाखान्यात गाठलं. दाढ दुखते म्हणून सांगितलं.

"कुठली?"

"काल काय झालं टेबलावर?"

त्याने आरसा तोंडातून काढला. "मास्तर, तुझ्या दाढेला काही झालेलं नाही. आणि मला विचारू नकोस. आम्हा सगळ्यांच्या सह्या घेतल्यात त्या बाईने. दात कोरण्याइतकी सुद्धा माहिती बाहेर द्यायची नाही म्हणे."

"तुम्हाला कंपनीचे नियम पाठ आहेत. तुम्ही नवी माणसं कशी?"

"आम्ही लिहीत नाही गं. खेळतो. अडखळलो की तुझी वहिनी टिपून घेते. नव्या माणसांचं टेबल दुसरं आहे, बुधवारी." मग आरसा ठेवत म्हणाला, "तुझी भावजय भारी आहे हं. एवढंच सांगतो."

फी घेतली नाही. का घेतली नसेल?

१८ फेब्रुवारी

पुजाऱ्याचा फोन आला. कॉलेजपासून आमच्या टेबलावर होता, कायम पुजाऱ्याचं पात्र घ्यायचा. आता कंपनीच्या परवाना विभागात आहे. तिथे गेला तेव्हा सगळ्यांनी त्याला नावं ठेवली. मी ठेवली नव्हती, हे तो विसरलेला नाही.

"कशी आहेस? मला वाईट वाटतं गं. हे सगळं वरून आलंय."

मी म्हटलं, असेल.

"तुझ्या भावाचा फोन येऊन गेला. तुला सांगितलंच असेल त्याने."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नाही सांगितलं? मग मी नाही बोलत. तुमच्या घरातली गोष्ट. तू स्वतः लिहितेयस ना नवे नियम?"

"मला बघू सुद्धा देत नाहीत."

"अरेरे," तो म्हणाला. "तुझंच शहर, आणि तुलाच वेशीबाहेर ठेवलंय."

इतक्या दिवसांत कोणी एक जण तरी बरोबर बोललं.

२० फेब्रुवारी

दादाला सरळ विचारलं. तो नकाशाला शाई देत होता.

"कंपनीत फोन केला होतास?"

हात थांबला नाही. "केला. आधी छापलेल्या प्रतींचं काय होईल ते विचारलं. विकता येणार नाहीत म्हणाले."

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस? मला का नाही सांगितलंस?"

"तू अशी बघतेस म्हणून."

"कशी?"

"आत्ता बघतेयस तशी."

मला वाटतं करार तयार आहे. हे नवे नियम, चाचण्या, बाईंच्या चकरा, सगळं मला गुंतवून ठेवायला. आठ तारखेला तो सही करेल आणि म्हणेल, काय करणार, नाइलाज झाला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज दुपारी मोठ्या नकाशाची गुंडाळी आणायला दादाकडे गेले. वहिनी बाजारात होती. दादा अंघोळीला गेला होता. दार त्यानेच उघडलं आणि ओल्या पायांनी परत गेला. "खणात आहे, घे," आतून ओरडला.

वरच्या खणात गुंडाळी होती. खालचाही उघडला. दोन गुंडाळ्या असतील असं वाटलं.

मसुदा. टाइप केलेला, कडेला पेन्सिलीच्या खुणा. खुणा वकीलबाईंच्या असणार. कुठे शब्द काढलेला, कुठे बाण.

कराराचा मसुदा असेल असं समजून उचलला. नव्हता. मग ठेवून द्यायला हवा होता, हे मला कळतं.

वाईट नाही लिहिलेलं. स्पष्ट आहे. पण दिव्याच्या नियमाशी आले आणि अंगावर पाल पडल्यासारखं झालं. "प्रकाश नसताना कोणतीही कृती करण्यापूर्वी खेळाडूने आपल्या पात्राला वाटणारी एक भीती इतरांना ऐकू येईल अशी सांगावी." दिवसातून दोनदा, कोमट पाण्याबरोबर.

आत पाणी पडत होतं. पेन्सिल तिथेच होती. मी ते वाक्य खोडलं आणि माझं लिहिलं. विचार सुद्धा करावा लागला नाही. हातातून आपोआप उतरलं, जसं अस्सल ते उतरतं: "दिवा विझला की आधी भीतीचे नाव घ्यावे, मग फासा टाकावा. नाव न घेता टाकलेला फासा अंधाराचा." अक्षर बाईंसारखं बारीक काढलं.

एवढंच. सगळं शहर त्यांनी घेतलं, एक दिवा मी परत लावला.

गुंडाळी घेऊन निघाले. दादाने केस पुसत विचारलं, "चहा?" नको म्हणाले.

२५ फेब्रुवारी

मसुदा पूर्ण झाला, आज कंपनीला आणि, त्यांनी मनाई मागण्याआधी आपली बाजू म्हणून, कोर्टात गेला. वहिनीने पेन्सिलीच्या खुणा बघून सगळं पुन्हा टाइप केलं म्हणे.

पाठवण्याआधी वकीलबाईंनी सोबत जोडायचं प्रतिज्ञापत्र माझ्यापुढे ठेवलं. मी सदर मसुदा पाहिलेला नाही, त्यात कोणताही बदल केलेला नाही.

"वाचून सही करा. घाई नाही," त्या म्हणाल्या. सगळ्यांना असंच म्हणत असतील. मला मात्र त्या जरा जास्त वेळ बघत होत्या असं वाटलं.

एक नियम म्हणजे मसुदा नव्हे. सही केली.

दादाने बाहेर आल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सुटलो आपण," म्हणाला. आपण.

२७ फेब्रुवारी

पुजारी. अर्धा तास बोलला. कॉलेजातल्या आठवणी काढल्या. कोण कुठे मेला, कोणाला कोणी दगा दिला. मी पोट धरून हसले.

मग म्हणाला, "तुमचा मसुदा वाचला. चांगला आहे, पण कोरडा. फक्त तो दिव्याचा नियम... तो वाचला आणि म्हटलं, हा मास्तरचाच हात वाटतो."

"वाटतो काय, आहेच," मी म्हणाले. "ते मी लिहिलंय. एवढं तरी मी लिहिलंय."

"ऐकून बरं वाटलं," म्हणाला. मग त्याला दुसरं काम आलं.

निदान एका माणसाला तरी फरक कळला.

५ मार्च, बुधवार

वकीलबाईंनी तातडीने बोलावलं. दादा आणि वहिनी आधीच बसले होते. कंपनीचं उत्तर आलं होतं.

बाईंनी दिव्याचा नियम मोठ्याने वाचला. मग कंपनीचं एक जुनं पुस्तक उघडलं, मागची पुरवणी, आणि तिथून तोच नियम वाचला. दोन्ही वाक्यं. शब्द तेच, विराम तेच.

"हे कुठून आलं?" त्यांनी वहिनीला विचारलं.

वहिनीचा चेहरा उतरला होता. "पेन्सिलीने लिहिलेलं होतं. मला वाटलं तुमचंच. तुमच्या खुणा मी तशाच घेत होते."

"मी वाक्यं लिहीत नाही. फक्त खोडते."

बाईंनी पेन्सिल टेबलावर ठेवली. "माझं आहे ते," मी म्हणाले. "कंपनीचं कसं असेल? मी रचलंय ते. या शहरासाठी रचलंय."

दादाने वर बघितलं नाही. "तू ते वाचून दाखवायचीस," तो म्हणाला. "मला गोवर आला होता. अंधाऱ्या खोलीत ठेवलं होतं. तू दाराबाहेर बसून ते पुस्तक वाचायचीस. हा नियम मी पुन्हा पुन्हा वाचायला लावायचो."

मला गोवर आठवतो. पुस्तक कुठलं ते आठवत नाही. त्याला इतकं नेमकं कसं आठवतं, आणि आजच कसं आठवतं, हे विचारायला हवं होतं.

बाईंनी पुढचं पान उलटलं. "आणि हे. 'सदर नियम आपणच लिहिल्याचे त्यांनी आमच्या प्रतिनिधीशी दूरध्वनीवर बोलताना मान्य केले आहे.' प्रतिनिधी कोण?"

मी नाव सांगितलं. ते त्याच्या नोकरीतलं काम होतं असं मला अजूनही वाटत नाही. कोणीतरी आधी त्याचे कान भरले असणार. त्याला फोन मी केला नव्हता. दादाने केला होता.

बाई चष्मा काढून बोलल्या. वाक्य काढता येईल, पण मसुदा कोर्टात टिकणार नाही. वहिनीने ते वाचलंय, टाइप केलंय, आता तीही चालणार नाही. शिवाय खोटं प्रतिज्ञापत्र. कंपनी ते कोर्टापुढे ठेवणार. "त्यात शिक्षा होते," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "नुसता दंड नाही."

मग दादाने एकच गोष्ट विचारली. "सही केली तर ते प्रकरण सोडतील का?"

"तशी अटच घातलीय त्यांनी. नवा करार केला तर तुमच्या बहिणीवर काही करणार नाहीत."

"लेखी?"

"लेखी."

इतकं सगळं चाललेलं, आणि त्याच्या डोक्यात सहीच.

६ मार्च

वहिनी आली. बसली नाही.

"वन्सं, मी रोज घरी येऊन लिहायचे आणि रोज मला तुम्हाला विचारावंसं वाटायचं. हे असं का, ते तसं का. त्या टेबलावर बसले तेव्हा पहिल्यांदा कळलं, तुम्ही दोघं इतकी वर्षं काय करत होतात. जीभ चावून गप्प बसले. विचारलं तर तुमचं शहर जाईल म्हणून."

तिने डोळे पुसले. "तुम्हालाही गप्प बसता आलं असतं."

चप्पल घालताना म्हणाली, "तुमचा भाऊ झोपलेला नाही."

झोपणार कसा? खाई त्याला खवखवे.

७ मार्च, शुक्रवार

दादाने फोन केला. "उद्या करार आहे. तू आली नाहीस तरी चालेल."

"का चालेल? शब्द माझे आहेत."

"ये मग."

"दादा, तू हे पहिल्यापासून ठरवलं होतंस ना?"

पलीकडे नळ चालू असल्यासारखा आवाज येत होता.

"हो," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

शेवटी कबूल केलं. मी चार फेब्रुवारीलाच ओळखलं होतं, इथे लिहिलेलं आहे. हाताच्या काकणाला आरसा कशाला? मला हलकं वाटायला हवं होतं.

८ मार्च, शनिवार

सकाळी कंपनीच्या ऑफिसात दादाने माझ्यावर काही न करण्याचं कलम दोनदा वाचलं आणि सही केली, त्याखाली मी केली. पुजारी रजेवर होता. अकरा वाजता दोघं बाहेर पडलो आणि दादा बसस्टॉपकडे गेला.